कोणीच नाही म्हणालं नाही

लिओटामामी बुधवारी दुपारी गेली. संध्याकाळी मामा तिच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, आणि मी कॉफी गाळत होते.

"वायोला, मशीन बोलवायचं नाही," तो म्हणाला. "तिची कबर माणसं खणतील. शनिवारी सकाळी येतील सगळे, फावडी घेऊन."

"सांगितलंस का कुणाला?"

"उद्या चर्चमध्ये सांगतो. पर्सिमन खोऱ्यात मी काही मागितलं आणि मिळालं नाही, असं कधी झालंय?"

खरंच झालं नव्हतं. माझ्या आईचा हा धाकटा भाऊ, ओर्विल केचर, चार निवडणुका जिंकून ताहलेक्वा शहरात आमच्या चेरोकी जमातीच्या कौन्सिलवर बसला होता. पाचवी निवडणूक जूनमध्ये होती. त्याच्या दिवाणखान्यात त्याचे निदान वीस फोटो होते, रिबीन कापताना, कोनशिलेवरचा पडदा ओढताना. मामीचा एकच होता, तोही कडेला, अर्धा कापला गेलेला.

मामीने मात्र त्याच्याकडून एकच वचन घेतलं होतं. दवाखान्यातून तिला घरी आणलं त्या दिवशी मी तिथेच होते. उशीला टेकून ती म्हणाली, "ओर्विल, मला मशीनच्या खड्ड्यात घालू नकोस. जन्मभर मी खणणाऱ्यांना जेवू घातलंय. माझ्या वेळी हसणं ऐकू यायला पाहिजे. त्या लिवायचे चावट किस्से निघाले तरी चालतील."

मामा म्हणाला, "बरं."

आमच्याकडे कोणी गेलं की कबर खणायला या म्हणून कोणी कोणाला सांगत नाही. पहाटे बाप्ये आपापलं फावडं, पहार, कुदळ घेऊन चर्चमागच्या दफनभूमीत हजर होतात. जमीन अशी की हातभर खणलं की गारगोटी लागते आणि पहार टणटण वाजते. चौघं खड्ड्यात, बाकीचे काठावर, आणि काठावरच्यांचं काम एकच: खालच्यांची टिंगल. "अरे, तू खणतोयस की लपतोयस? बायको आली वाटतं!" इकडे बायका चर्चच्या स्वयंपाकघरात डुकराचं मांस तळतात, मक्याच्या पिठात घेवडा घालून त्याची भाकरी उकडतात. गेलेल्याच्या घरच्यांनी फावड्याला हात लावायचा नसतो. त्यांनी बसायचं, आणि मागून येणारं हसणं ऐकायचं. ते हसणं कानावर पडतं तेव्हा बसलेल्या माणसाच्या छातीवरचा दगड जरा हलतो. मी माझ्या आईच्या वेळी बसले होते, म्हणून सांगते.

आता शनिवारी मामाने बसायचं होतं.

*

पहिल्या निवडणुकीला मामाकडे दार दोरीने बांधलेला ट्रक होता आणि कौन्सिलमध्ये काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. पण त्याला माणसं ठाऊक होती. कोणाच्या घरी गेला की तो अंगणात ट्रक उभा करायचा आणि आतच बसून राहायचा. दार ठोठावणं आमच्यात असभ्यपणाचं. कुत्री भुंकतात, आतल्यांना कळतं कोण आलंय, यायचं असेल तर येतात बाहेर. नाही आले तर थोडं थांबून गाडी वळवायची, आणि राग मानायचा नाही.

माझी आजी, म्हणजे त्याची आई, त्याला म्हणाली होती, "जो 'हो हो, तुलाच' म्हणून ओरडतो, त्याला मोजू नकोस. जो ताट पुढे सरकवतो आणि तू निघालास की कुत्रा धरायला उठतो, तो तुझा."

मामाने तसंच मोजलं. मतमोजणीच्या आदल्या दिवशी त्याने सांगितलेलं आणि पेटीतून निघालेलं, यात फारसा फरक नव्हता. शहराकडचा उमेदवार, टाय लावून प्रत्येक दार ठोठावणारा, सपशेल आपटला.

आणि मामाने काम केलं. हे मी भाची म्हणून म्हणत नाही. पावसाळ्यात ओढा चढला की आमची मुलं चार-चार दिवस शाळेला मुकायची, तिथे पूल त्याने आणला. ज्या म्हाताऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांच्याबरोबर दवाखान्यात बसून डॉक्टरचं बोलणं तो आपल्या भाषेत सांगायचा, तेही असं की घाबरलेलं माणूस हसायला लागावं. त्या किस्सेवाल्या लिवाय ब्लॅकफॉक्सच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हाच तिच्या उशाशी होता. पट्टी सुटल्यावर ती म्हणाली, "ओर्विल, तू इतका कुरूप आहेस हे मला आधी कोणी सांगितलं नाही!" ही गोष्ट मामा प्रत्येक प्रचाराच्या पंगतीत सांगायचा. मोठ्या लोखंडी कढईत मांस तळलं जायचं, मामा झारा हातात घेऊन स्वतः उभा, आणि ती म्हातारी समोर बसून तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून हसायची.

बदल कधी झाला ते सांगता येत नाही. दूध नासताना दिसत नाही, नासलं की दिसतं. कौन्सिलच्या सभेत हात वर करून मोजतात. बाजूने इतके, विरुद्ध इतके, गप्प बसला त्याचा हिशेबच नाही. चार निवडणुका म्हणजे सोळा वर्षं तो तसं मोजत आला. नवा ट्रक आला, मग खिशात फोन आला. एके दिवशी मी मामीबरोबर अंगणात वाल सोलत होते आणि समोरच्या घरापुढे मामाने हॉर्न वाजवला.

मामी इथूनच ओरडली, "कुणाला बोलावतोयस? गाई चुकीच्या कुंपणात गेल्यात का?"

"वेळ नाही गं, सात घरं करायचीत!"

"मग सहाच कर. पण माणसासारखी कर!"

तो हसला. त्याला वाटलं, ती थट्टा करतेय.

*

लिवायचे वडील एमस ब्लॅकफॉक्स भर ऑगस्टात एका शेजाऱ्याची कबर खणताना खड्ड्यातच बसले ते उठले नाहीत. वय झालेलं, ऊन मरणाचं. त्यांना वर काढणाऱ्यांत मामा होता. त्याने ते फार मनाला लावून घेतलं, हे मला माहीत आहे; आठवडाभर तो धड जेवला नाही. पण मामाच्या मनाला काही लागलं की त्याची योजना व्हायची.

दफनभूमीच्या समितीचा अध्यक्षही तोच. त्याने कुठून कुठून निधी मिळवला, शहराजवळच्या एका मशीनवाल्याशी करार केला. कोणी गेलं की फोन करायचा, मशीन येणार, खड्डा खणणार, कुणाला दमडी द्यायची नाही. विमा फक्त मशीनच्या कामाला होता, म्हणून हाताने खणणं बंद. ठरवायला चर्चच्या हॉलमध्ये सभा बोलावली.

मामा छान बोलला. कोंबड्यांच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या पोरांना सुट्टी मिळत नाही, म्हातारे किती दिवस खणणार, वगैरे. सगळं खरं. मग तो म्हणाला, "आपला एमस गेला तसा आणखी कोणी जाऊ नये. एमसच्या आठवणीसाठी तरी हे करू या." लिवाय भिंतीला टेकून उभा होता. त्याला विचारलं नव्हतं.

"कुणाला हरकत आहे?" मामाने विचारलं.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं असतील. सगळी जमिनीकडे पाहत होती. एका बाईने उगाच बाळाची टोपी काढली आणि परत घातली.

"नाही ना? मग ठरलं." त्याने टेबलावर हात आपटला.

घरी आल्यावर मामीने कोट खुंटीला लावला आणि विचारलं, "कोण हो म्हणालं?"

"कोणीच नाही म्हणालं नाही."

"मी ते नाही विचारलं."

"लिओटा, सभेचा एक नियम असतो..."

"तुझ्या तोंडावर, वडीलधाऱ्याच्या तोंडावर, कोण नाही म्हणणार रे? आपण कोणाला नाही म्हणतो? जमिनीकडे बघतो आणि उठून जातो. तुझ्या आईने तुला कुत्रा मोजायला शिकवलं होतं. आज किती कुत्री धरली गेली?"

"त्या हॉलमध्ये कुत्री नव्हती," मामा म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर हसला.

वर्ष-दीड वर्षाने लिवायची आई गेली, तीच, डोळ्यांची पट्टी सुटल्यावर हसवणारी. सकाळी दहा-बारा बाप्ये फावडी घेऊन आले. बापाचं फावडं लिवायने शेजाऱ्याच्या हातात दिलं होतं, कारण त्याला स्वतःला खणता येणार नव्हतं. पण तिच्या खड्ड्यात ते फावडं लागावं, अशी त्याची इच्छा होती. फाटकाशी मामा उभा, मागे मशीन.

"पोरांनो, कळतंय मला," तो म्हणाला. "पण एकाला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागेल. नियम समितीचा आहे, माझा नाही."

समिती म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. माणसं कुंपणाबाहेर उभी राहिली. मशीनने खणलं. आवाज इतका होता की आत चर्चमध्ये भजनाचा सूर लागेना. लिवाय बाकावर बसून खिडकीकडे पाहत होता. मग सगळे जेवले आणि मामाशी हात मिळवून घरी गेले. संध्याकाळी मामा मला म्हणाला, "बघितलंस? एक शब्द नाही बोलले. समजूतदार लोक आहेत आपले."

*

तर मामी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो चर्चमध्ये उभा राहिला. शवपेटी समोर होती, मामीच्या अंगावर तिचा जांभळ्या फुलांचा झगा.

"लिओटाची इच्छा होती," तो म्हणाला. "हाताने खणलेली कबर हवी होती तिला. नियमबियम राहू दे बाजूला. शनिवारी फावडी घेऊन या."

राहू दे बाजूला, हे शब्द त्याच्या तोंडून किती सहज निघाले! मी मान वर केली तेव्हा सगळे जमिनीकडे पाहत होते.

शुक्रवारी तो मला म्हणाला, "गाडी तू चालव. मी प्रत्येक घरी जाणार." या वेळी हॉर्न वाजवला नाही. प्रत्येक अंगणात आम्ही गाडीत बसून राहिलो, जुन्या रीतीने. माणसं बाहेर आली. डोंगरातल्या रानकांद्याचे दिवस होते. कोणी अंड्यांत परतलेला कांदा दिला, कोणी हिकरीच्या झाडाच्या फळांचं सार, कनुची, बाटलीत भरून हातात ठेवलं. मामीबद्दल सगळे चांगलं बोलले, आणि खोटं कोणी बोललं नाही. मामा निघताना म्हणायचा, "उद्या मग?" समोरचा म्हणायचा, "बरं."

लिवायच्या अंगणात आम्ही बराच वेळ थांबलो. तो सरपणाच्या ढिगामागून आला. त्याच्या बायकोने चिंधीत गुंडाळलेली गरम भाकरी गाडीच्या खिडकीतूनच दिली. आत या म्हणाली नाही.

मामा उतरला. "लिवाय, तुझे किस्से हवेत उद्या. तिने मुद्दाम सांगितलं होतं."

"काकू हसायच्या छान," लिवाय म्हणाला.

"येशील ना?"

"येतो की."

मामा वळला तशी लिवायचा पिवळा कुत्रा त्याच्या पोटऱ्यांवर धावून गेला. दात दाखवत तो गाडीच्या दारापर्यंत भुंकत आला. मामाने पाय झाडले, कसाबसा आत चढला. लिवाय सरपणाशी उभा होता, हात खिशात, नजर समोरच्या डोंगरावर.

"बघ," मामा धापा टाकत म्हणाला, "तोसुद्धा येतो म्हणाला."

"मामा, कुत्रा..."

"कुठला कुत्रा?"

मी गाडी सुरू केली. त्याच्या मांडीवर भाकरीची गुंडाळी होती आणि तो बोटांवर माणसं मोजत होता.

*

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही दफनभूमीत पोहोचलो, आणि माणसं खरंच आली होती. ते बघून मीही अर्धी हुरळले. गाड्यांमागून गाड्या. पर्सिमन खोऱ्यातला एकही कर्ता पुरुष घरी राहिला नसेल.

सगळ्यांचे शर्ट इस्त्रीचे होते. बूट पुसलेले. काहींनी गळ्यात मण्यांच्या माळा घातल्या होत्या, केस पाणी लावून विंचरले होते. कोणाच्या हातात फावडं नव्हतं. कोणाच्या ट्रकमागे पहारसुद्धा नव्हती. ती माणसं खणायला आली नव्हती, ती पाहुणी म्हणून आली होती.

मामा एकेकाशी हात मिळवत गेला, प्रचारात मिळवायचा तसा, दोन्ही हातांनी. शेवटी लिवाय उभा होता. त्याने टोपी काढली.

"काका," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मशीन कधी येणार?"

"मशीन नाही. सांगितलं होतं ना मी. तुम्ही..." मामाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. एकेकाच्या. "फावडी गाडीत आहेत का?"

कोणाच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मामाला रागाशी बोलता यायचं.

"विमा नाही ना, काका," लिवाय म्हणाला. "उन्हाचे दिवस येतायत. आमच्या बाबांसारखं कुणाचं व्हायला नको."

मामा वळला आणि तरातरा चर्चमागच्या छपरात गेला. तिथे फुलझाडांसाठी ठेवलेलं एक गंजकं फावडं होतं. ते घेऊन तो आपल्या आईच्या कबरीशेजारी आखलेल्या जागेशी आला आणि त्याने पाय रोवला. चर्चमधली सगळ्यांत वृद्ध बाई, वॉकरवर रेलून, हळूहळू त्याच्यापर्यंत आली आणि तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"ओर्विल, घरच्याने खणायचं नसतं. तिला वाईट. ठेव ते."

त्याने फावडं ठेवलं. खिशातला फोन काढला. खोऱ्यात रेंज नसते, म्हणून त्याला फाटकाबाहेर, चढावर, रस्त्याच्या मधोमध जाऊन उभं राहावं लागलं. वाऱ्याने त्याचं बोलणं आमच्यापर्यंत येत होतं. "हो, मी कौन्सिलवाला केचर... हो, तोच करार... माझी बायको. नाही, आजच. आत्ता."

मशीनवाला शहराकडचा एक तरुण माणूस होता. गाडीतला रेडिओ त्याने बंद केला, तेवढी त्याला अक्कल होती. एवढ्या गारगोटीच्या जमिनीत त्याने बघता बघता खड्डा केला, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. मामा चर्चच्या पहिल्या बाकावर बसला होता, जिथे घरच्यांनी बसायचं असतं. मी शेजारी. तो कान देऊन ऐकत होता. बाहेर इंजिन होतं, मग लोखंड दगडावर घासल्याचा आवाज, मग पुन्हा इंजिन. ते थांबलं तेव्हा मला वाटलं, आता तरी कोणीतरी काहीतरी बोलेल, एखादा तरी हसेल. साठ-सत्तर माणसं बाहेर उभी होती. ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

जेवायला सगळे थांबले. लिवायने घेवडा दुसऱ्यांदा वाढून घेतला. मामाजवळून जाताना म्हणाला, "चांगला झालाय, काका. काकूंच्या हातची सर नाही, पण चांगला झालाय."

*

जूनमध्ये मामा निवडून आला. इतक्या मतांनी तो आधी कधीच आला नव्हता. पंगतीला सगळं खोरं होतं. झारा मामाच्या हातात होता, पण मांस करपत होतं आणि त्याला कळत नव्हतं. शेवटी माझ्या नवऱ्याने तो काढून घेतला.

पुढच्या आठवड्यात दुकानात लिवाय भेटला. मला राहवलं नाही. "मत कोणाला दिलंस?"

"काकांना. दुसऱ्या कोणाला देणार? पूल त्यांनी आणला. आईचे डोळे त्यांनी केले." त्याने साखरेची पिशवी खांद्यावर घेतली. "कामाचा माणूस आहे, ताई. कौन्सिलवर असाच पाहिजे."

"आणि त्या दिवशी?"

त्याने खांद्यावरची पिशवी सारखी केली. "बाबांचं फावडं होतं ना, ते मी आईच्या दिवशी घरी नेलं. दांडा काढला आणि चुलीत घातला. चांगलं जळलं, हिकरीचं होतं." मग तो हसला, त्याचं नेहमीचं हसणं. "बाकीच्यांचं मला माहीत नाही. विचार तू त्यांना."

मामाने समितीची सभा घेतली. हाताने खणायला पुन्हा मुभा द्यायची, करार मोडायचा. "कुणाला हरकत आहे?" असं त्याने विचारलं आणि या वेळी टेबलावर हात आपटला नाही. तो थांबला. एकेकाच्या तोंडाकडे पाहत थांबला. माणसं जमिनीकडे पाहत होती. मग एकेक जण उठला, आपली खुर्ची मिटून भिंतीला लावली आणि गेला. मामा रिकाम्या हॉलमध्ये उभा होता.

"वायोला, हे हो होतं का नाही?"

"मामा, मला नको विचारूस," मी म्हणाले.

ऑक्टोबरात वॉकरवाली म्हातारी गेली. मामा उजाडायच्या आधी एकटा निघाला. त्याने शहरातून नवं फावडं आणलं होतं. मी बायकांबरोबर स्वयंपाकाला म्हणून मागोमाग गेले. पोहोचले तेव्हा दफनभूमीत खड्डा तयार होता, मातीचा ढीग ताडपत्रीने झाकलेला, आणि कोणीतरी फोन करून बोलावलेलं मशीन ट्रकवर चढत होतं. लिवाय फाटकाशी कॉफी पीत उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मामाला बघून त्याने दुसरा पेला भरला आणि अदबीने पुढे केला.

मामाने तो घेतला. दुसऱ्या हातातलं फावडं कुठे ठेवावं ते त्याला कळेना. शेवटी त्याने ते स्वतःच्या ट्रकमागे टाकलं. अजून तिथेच आहे. पात्यावर दुकानाची चिठ्ठी आहे, पावसाने तिचा रंग गेलाय.